गौतम मास्तरांचा डावा हात

गौतम मास्तर डाव्या हाताने काही उचलत नसत. दुधाची पिशवी नाही, पाण्याचा तांब्या नाही, छत्रीसुद्धा नाही. दोन वस्तू न्यायच्या असल्या तर उजव्या हाताने एक नेऊन ठेवायची, परत यायचं आणि दुसरी न्यायची. चाळीत नवीन राहायला आलेल्या एका बाईने माझ्या बायकोला विचारलं होतं, "ते कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर, त्यांच्या हातावरून वारं गेलंय का?" यमुना म्हणाली, "न्हाय गो बाई. तो हात त्यांनी देवाला सोडलाय, वळूसारखा."

देवाला नाही, व्हायोलिनला सोडला होता. त्या हाताच्या चार बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. तारा दाबून दाबून पडलेले. ते घट्टे मऊ पडले की सूर घसरतो, असं मास्तर म्हणायचे. म्हणून भांडी घासायची नाहीत, कपडे धुवायचे नाहीत आणि गरम पाण्यात बोटं घालायची नाहीत.

एकदा आम्ही तिघं अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. यमुनेचे गुडघे धरले होते आणि मास्तरांची कंबर. मी आणि मास्तर कुंडात उतरलो. मास्तर गळ्यापर्यंत पाण्यात आणि डावा हात सरळ वर, शाळेत पोराने उत्तर येतंय म्हणून वर करावा तसा. अर्धा तास. शेजारी एक म्हातारा होता, तो बघून बघून थकला. शेवटी त्याने मला विचारलं, "नवस हाय का ह्यांचा?"

मी म्हणालो, "हाय."

"फेडायचा हाय का बोलायचा हाय?"

मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "बाबा, रोज फेडतोय."

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला लिहिता येतं ते बोलल्यासारखं, आणि बोलणं माझं ओरडल्यासारखं, कारण चाळीस वर्षं मी भिवंडीत कापडाच्या लूमवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. चोवीस लूमच्या शेडमध्ये जो जन्म काढतो त्याचे कान जातात. माझे एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटी, मग कुकरची शिट्टी. ट्रकचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. व्हायोलिन हे त्या गेलेल्या आवाजांतलं. म्हणजे ज्या माणसाबद्दल मी लिहायला बसलोय, त्याचं वाजवणं मी कधी धड ऐकलेलंच नाही. खोटं कशाला सांगू? मी ते बघितलं, आणि मला ते यमुनेने सांगितलं.

मास्तर आमच्या चाळीत आले त्याला चौदा-पंधरा वर्षं झाली. मूळचे भिवंडीचेच. त्यांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असायचे. पोराला त्यांनी मुंबईला एका म्हाताऱ्या गोवेकर सरांकडे पाठवलं. त्या सरांनी कागदावरचं विलायती संगीत वाचायला शिकवलं. मग मास्तर मोठ्या वाद्यवृंदात बसले, सिनेमाच्या गाण्यांसाठी स्टुडिओत बसले. वीस-वीस व्हायोलिनं एका वेळी वाजायची म्हणे. "तुमचं कुठलं ते कसं कळायचं?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "कळलं तर घरी पाठवायचे." पुढे एका मशीनमधून वीस व्हायोलिनं निघायला लागली आणि माणसं घरी गेली. बायको वारली होती, लेक नाशिकला दिलेली. मास्तर भिवंडीला परत आले.

पहिला महिनाभर मी त्यांच्या खोलीतला चहा घेतला नाही. का ते लिहायची लाज वाटते, आणि वाचणाऱ्याला ते कळतंच. यमुनेने पहिल्याच दिवशी घेतला आणि घरी येऊन मला म्हणाली, "साखर कमी होती. बाकी चहा आपल्यासारखाच व्हता."

मग एक दिवस मास्तर आमच्या शेडच्या दारात उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात कापूस. मला हाताने बाहेर बोलावलं.

"जॉबर, तुमचा तिसरा लूम लंगडतोय."

मला राग आला. माझे लूम लंगडत नसतात. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही तुमची सारंगी सांभाळा."

"भिंतीपलीकडे माझी खोली आहे. चोवीस लूम ऐकतो दिवसभर. तेवीस सरळ चालतात. दाराकडून तिसरा एक पाय ओढतो."

ते गेल्यावर मी गुपचूप तो लूम थांबवला आणि उघडला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी तुकडा. त्याला फटका मारणाऱ्या दांड्याचा पट्टा सैल झाला होता. अजून दोन दिवसांनी तो धोटा उडून कुणाच्या तरी छातीत बसला असता. संध्याकाळी मी मास्तरांच्या खोलीत गेलो आणि चहा मागून घेतला. साखर खरंच कमी होती.

मास्तरांचा रोजचा नेम असा. सकाळी उठून आधी अर्धा तास एकच सूर. गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढायचा, परत आणायचा. गाणं नाही, काही नाही. चाळीतले लोक वैतागायचे. "मास्तर, पुढचं येत न्हाय काय?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "हेच अजून यायचंय." मग व्हायोलिन मलमलच्या फडक्याने पुसायचं आणि आमच्या दाराशी यायचं.

"वहिनी, आज कसं होतं?"

यमुनेला संगीतातलं काही कळत नव्हतं. ती काल्हेरची, शेतातली आणि खाडीची पोर. लग्नानंतर तिने घरात बसून कांड्या भरल्या, म्हणजे लूमसाठी सूत गुंडाळलं, तीस वर्षं. पण कान तिचा शाबूत होता आणि जीभही. ती चुलीपुढे बसूनच सांगायची.

"आज भाकरी टम्म फुगली."

"आज आमटीला फोडणी झकास, पण मीठ इसरलात."

"आज करपलं न्हाय, पण मधी कच्चं राहिलं."

मास्तर मान हलवत परत जायचे. मला वाटायचं, बाई बिचाऱ्या माणसाची चेष्टा करते. एकदा मास्तरांना तसं म्हणालो तर ते माझ्यावरच तापले. "जॉबर, स्टुडिओत मोठमोठे लोक पाठ थोपटायचे. मधे कच्चं राहिलं हे मला माझ्या सरांनंतर फक्त वहिनींनी सांगितलं. आणि ते राहिलेलं असतं." मग मीही जेवताना यमुनेला विचारायला लागलो, आज मास्तरांचं कसं वाजलं? ती सांगायची. माझ्या कानांची ती पोटगी म्हणा.

असं सहा-सात वर्षं चाललं. मग एका सकाळी मास्तर नेहमीसारखे दाराशी आले, "वहिनी, आज कसं होतं?" यमुना पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"मास्तर, भरलेला तांब्या हातात घेऊन चाललं की पानी कसं हिंदकळतं? तसं हिंदकळतंय. आजच न्हाय. चार दिवस झाले."

मास्तरांनी उजवा हात पुढे करून बघितला. बोटं सरळ ठेवली. मी पण बघितलं. पान हलावं तशी बारीक थरथर होती. मास्तर म्हणाले, "बरोबर," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मला कळलंच नाही, मला काय ऐकू येणार? यमुनेने सांगितलं. "अवो, भिंत मुकी झाली."

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हात थोडा थांबला, पुरता नाही. मास्तर म्हणाले, लांब सूर ज्याला सरळ ओढता येत नाही त्याने व्हायोलिन उघडायचं नाही. आणि पेटी कपाटावर ठेवली.

त्या हिवाळ्यात आम्ही परत अकलोलीला गेलो. मी कुंडात उतरलो, मास्तर उतरले. यमुना काठावर पाय सोडून बसली होती. मास्तरांनी दोन्ही हात पाण्यात घातले. डावा पण, खांद्यापर्यंत. मला आधी लक्षात आलं नाही, मी पाठ शेकत होतो. वर बघतो तर यमुना तोंडाला पदर लावून रडतेय.

घरी आल्यावर म्हणाली, "माझ्या जिभेने त्यांचं वाजवणं मारलं."

मी म्हणालो, "हात थरथरला तो काय तुझ्या जिभेने?"

"थरथरला असता, पन वाजवत राहिले असते. त्यांना कळत नव्हतं. मीच सांगितलं."

तेव्हापासून तिचं एकच मागणं. सणाला पुरणपोळी घेऊन जायची आणि म्हणायची, "मास्तर, एकदा वाजवा. हिंदकळू दे." मास्तर पुरणपोळी घ्यायचे, हसायचे. "वहिनी, तुम्ही खरं बोललात. खऱ्याचा राग कुठे येतो?" पण पेटी खाली यायची नाही. ती वाजवा म्हणते आणि तो रागावलो नाही म्हणतो. दोघं एकमेकांना उत्तरच देत नव्हती. हे असं सात वर्षं.

पण माणूस गप्प बसणारा नव्हता. विहाराच्या हॉलमध्ये त्यांनी कॉलेजच्या मुलींना व्हायोलिन शिकवायला घेतलं, तेही तोंडाने सूर सांगून, हातात न धरता. मग बेंजोवाले दोघं आले, ढोलकीवाला आला, तेही लूमवरचेच. आमच्या शेडचा विणकर रफीकभाई लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, तो आला. त्याच्यामागून लूमवरचे आणखी सहा-सात. सगळे मिळून सतरा-अठरा माणसं. मास्तर एक दिवस आमच्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, मी आता कंडक्टर झालो."

यमुनेच्या हातातलं लाटणं थांबलं. "या वयात एसटीत घेतात?"

मास्तर इतके हसले की खाली बसले. मग त्यांनी समजावलं. सगळे वाजवतात, मधे एक माणूस उभा राहून हाताने सांगतो, कोणी कधी यायचं, कोणी हळू, कोणी जोरात.

"आन तो सोता काय वाजवतो?"

"काही नाही."

"मग पगार कशाचा?"

"शिव्या खाण्याचा. एसटीतल्यासारखंच आहे, वहिनी. कोणालाही न ढकलता सगळ्यांना एका थांब्यावर उतरवायचं."

पुढे चाळीतली पोरंसोरं त्यांना बघून ओरडायची, "एक काल्हेर, एक अंजूर!" मास्तर खिशात हात घालून तिकीट फाडल्यासारखं करायचे.

कंडक्टर म्हणून मास्तर कडक. त्यांच्या हातात काठीबिठी नव्हती, रिकामे हात. उजवा सतत हलता, त्यामुळे थरथर कोणाला दिसायची नाही. डावा मात्र व्हायोलिन सोडून दुसऱ्या कामाला लागला होता, आयुष्यात पहिल्यांदा. उशिरा येणाऱ्याला ते ओरडत नसत. त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. दोनच वाक्यं नेहमीची. एक, "मोजा, मग वाजवा." दुसरं, "शेजाऱ्याचं ऐकू येत नसेल तर तुम्ही जोरात वाजवताय." हे दुसरं ते माझ्याकडे बघून म्हणायचे.

पहिला कार्यक्रम ठाण्याला होता. आम्ही दोघं पुढच्या रांगेत. मुलींची व्हायोलिनं, रफीकभाईची क्लॅरिनेट, बेंजो, ढोलकी, सगळं जोरात आलेलं. मुलींना जरा पुढे आणायचं म्हणून मास्तरांनी बाकीच्यांकडे डावा पंजा उघडून दाखवला. हळू, असं त्यांना म्हणायचं होतं.

रफीकभाईने तोंडातून क्लॅरिनेट काढली. ढोलकी थांबली. बेंजो थांबले. अर्धा वाद्यवृंद खाटकन बंद, हात मांडीवर. मुलीही गोंधळून थांबल्या. एकटी एक वाजवत राहिली, तीही घाबरून थांबली. लोकांना वाटलं संपलं. टाळ्या. मास्तर वळले आणि वाकून नमस्कार केला, दुसरं काय करणार?

पडद्यामागे मी गेलो तर मास्तर लालबुंद. "बंद का केलंत?"

रफीकभाई उलट त्यांच्यावर. "मास्टरजी, आपने ही तो हाथ दिखाया!"

"हळू म्हणून दाखवला!"

"पंजा दिखाया तो लूम बंद. बचपन से यही सीखा है. अभी स्टेज पे नया मतलब कहाँ से लाऊँ?"

मला हसू आवरेना. तो बरोबर होता. शेडमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून आमची हाताची भाषा असते. उघडा पंजा म्हणजे लूम बंद कर. मूठ फिरवली की चालू. दोन बोटं एकमेकांत अडकवून ओढली की धागा तुटला. आणि अंगठा पहिल्या बोटावरून फिरवला की गाठ मार. धागा तुटला म्हणून कोणी कापडाचं अख्खं थान टाकून देत नाही. दोन टोकं घ्यायची, गाठ मारायची आणि लूम सोडायचा. हात वाऱ्यावर उडवला की माल हलका ठेव, म्हणजे हळू. हे मास्तरांना कोण सांगणार? त्यांच्या म्हाताऱ्या सरांच्या पुस्तकात हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मास्तर शेडच्या दारात. कानात कापूस, काखेत स्टूल.

"जॉबर, मला तुमची भाषा शिकवा."

"तुम्ही त्यांना तुमची शिकवा की."

"मी एकटा आहे. ते दहा आहेत. कोणी शिकणं सोपं?"

आठ दिवस तो माणूस माझ्या शेडमध्ये स्टुलावर बसला. तेव्हा निम्मे लूम भंगारात गेले होते, निम्मे चालू होते. एक एक खूण बघायचा, करून दाखवायचा. चुकलेली खूण मी परत करायला लावायचो. सत्तरीला आलेला कंडक्टर आणि सातवी शिकलेला मास्तर. संध्याकाळी घरी येऊन यमुनेपुढे परीक्षा. तिला सगळ्या खुणा येत. शेडची सवय म्हणून मी घरीही तिच्याशी तसाच बोलायचो. मास्तरांनी गाठीची खूण केली तर ती हसली. "अंगठा जास्त फिरतोय मास्तर. गाठ मारताय का दोर वळताय?"

पुढच्या कार्यक्रमात मास्तरांनी हात वाऱ्यावर उडवला आणि रफीकभाईची क्लॅरिनेट अशी खाली आली म्हणे, की मुलींचं व्हायोलिन वर तरंगलं. "सायीसारखं," यमुना म्हणाली. नंतर कल्याणला झाला, वसईला झाला, वाड्याला झाला. कुठे कोणी चुकलं की मास्तर तोंड वाकडं करत नसत. डाव्या हाताने गाठीची खूण. गाठ मार, पुढे चल. बाहेरच्या लोकांना वाटायचं ही विलायती पद्धत असेल.

मग यमुनेचा श्वास लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, छातीत कापसाची धूळ बसलीय, तीस वर्षांची. घरात बसून कांड्या भरल्या तरी धूळ तीच. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती अंथरुणाला लागली. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं. ते घरघर करायचं, तेवढं मला ऐकू यायचं. बोललं की तिला धाप लागायची, म्हणून ती खुणा करायला लागली. पाणी, उशी, खिडकी. जिने आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर सुनावलं तिचे हात बोलायला लागले.

एक दिवस तिने मला जवळ बोलावलं आणि मास्तरांच्या खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मग दोन बोटं एकमेकांत अडकवून ओढली. धागा तुटला. आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी तोडला.

मी उठलो आणि तडक शेडवर गेलो. तोवर शेडमधले सगळे लूम गेले होते आणि शेठने रिकामी जागा मास्तरांना सरावासाठी दिली होती. सराव चालू होता. मी मधेच जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो. मला हळू बोलता येत नाही.

"मास्तर, ती जाणार हाय. तिच्या डोक्यात एकच, की तिच्या जिभेने तुमचं वाजवणं मेलं. आता एक तर तिच्यापुढे वाजवा, न्हायतर तिला तोंडावर सांगा की होय, तुझ्यामुळेच मेलं. पुरणपोळ्या खाऊन हसू नका."

सगळे खाली बघायला लागले. मास्तरांचा उजवा हात हवेत होता, तो तसाच थरथरत राहिला. आता सगळ्यांना दिसला. मास्तर मुलींना म्हणाले, "सुरुवातीपासून," आणि पाठ फिरवली. मी शिव्या देत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मास्तर. पांढरा शर्ट. उजवा हात खिशात. आणि डाव्या हातात पेटी. इतक्या वर्षांत मी त्या हातात ओझं बघितलं नव्हतं. यमुनेनेही ते बघितलं. तिने उशीला टेकून बसवायची खूण केली.

मास्तर म्हणाले, "वहिनी, घट्टे गेलेत. बोटं बायकांसारखी मऊ झालीत." मग पेटी उघडली, तारा पिळल्या. एक तार पिळताना तुटली, ती बदलली. मी उठून मशीनच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसलो.

मास्तरांनी गज ठेवला. मला ऐकू आलं नाही, दिसलं. गज निघाला आणि मधे आल्यावर थरथरला. मास्तरांनी दात आवळले. परत फिरवला, परत थरथरला. असं काही वेळ. मग गज तारेवरून उडाला आणि हवेत गेला. मास्तर थांबले. व्हायोलिन खाली घेतलं. मान खाली. खोलीत फक्त मशीनची घरघर.

यमुनेचे डोळे मिटलेले होते. ते तिने उघडले. चादरीवरून हात उचलला, फार नाही, चार बोटं. आणि अंगठा पहिल्या बोटावरून फिरवला.

गाठ मार.

मास्तर ती खूण आठ दिवस माझ्या शेडमध्ये शिकले होते. त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि जिथे तुटलं होतं तिथून धरलं. गज हलत होता. पण थांबला नाही. शेवटपर्यंत गेला.

मी यमुनेकडे बघितलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कसं वाजलं?"

तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण शेडमध्ये माणूस ओठ वाचायला शिकतो.

मास्तर म्हणाले, "काय म्हणाल्या वहिनी?"

अर्धं सांगणं मला जमत नाही. मी म्हणालो, "ती म्हणते, गाठ दिसतेय. पन कापड चांगलं हाय."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला, दोन्ही हात. तिने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग ती हसली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

त्यानंतर मास्तर रोज दुपारी यायचे आणि एकच लांब सूर ओढून जायचे. यमुना मला दोन बोटांनी, चार बोटांनी काय ते सांगायची. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मशीन परत नेऊन दिलं.

आता वर्ष होत आलं. शेठने शेड विकली, तिथे मोठं गोडाऊन होणार आहे. वाद्यवृंद विहाराच्या हॉलमध्ये गेला, तो आता रफीकभाई सांभाळतो, खुणा त्याच. मास्तरांना लेक नाशिकला घेऊन गेली. अधूनमधून फोन येतो. मी ओरडतो, ते ओरडतात, दोघांना काही कळत नाही आणि फोन ठेवतो.

मास्तर जायच्या आदल्या दिवशी मी शेडवर गेलो होतो, माझे दोन पाने आणि एक हातोडी तिथल्या कपाटात राहिली होती ती आणायला. सकाळचे दहा वाजले असतील. दार अर्धं उघडं. आत ते कपाट सोडलं तर काही नव्हतं, फक्त जमिनीवर लूमचे पाय बसवलेले चौकोनी डाग, ओळीने. त्या डागांच्या मधे मास्तर उभे होते, दाराकडे पाठ करून, एकटेच. वाजवत होते.

मी आत गेलो नाही. पत्र्याच्या दारावर हात ठेवला. चाळीस वर्षं त्या दाराला हात लावला की चोवीस लूम हातात यायचे. आता काही आलं नाही. गज लांब गेला, लांब आला. मग मधे अडखळला आणि तारेवरून उडाला.

मास्तर थांबले. त्यांना वाटलं कोणी बघत नाही. व्हायोलिन हनुवटीने तसंच धरून त्यांनी डावा हात सोडवला, बाजूला धरला आणि अंगठा पहिल्या बोटावरून फिरवला. एकदाच. जास्त फिरवला नाही. हात परत तारांवर ठेवला आणि गज ओढला.

कसं वाजलं ते मला माहीत नाही. ते सांगणारं माणूस घरात नाही. हातोडी तिथेच राहिली.